गर्दीतून दिसलेला येशू

इंग्लंडमधील ‘क्वीन’ या वाद्यवृंदाची पहिली ध्वनिमुद्रिका जुलै १९७३ मध्ये निघाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची नवी आवृत्ती ‘क्वीन वन’ या नावाने प्रकाशित झाली आणि ती जुन्या पद्धतीच्या काळ्या तबकडीवरही उपलब्ध झाली. ख्रिस्ती वाचकाने तिची दखल घ्यावी, याला कारण आहे. तिच्यातील एका गाण्याचे नावच ‘जीझस’ असे आहे. आणि ते रचणारा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारूख बलसारा, हा पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला पारशी होता.

१९७० नंतरच्या काही वर्षांत इंग्लंडमध्ये ‘ग्लॅम रॉक’ची लाट होती. पुरुष गायक डोळ्यांत काजळ घालून, चमचमती वस्त्रे लेवून रंगमंचावर येत. ‘क्वीन’ त्याच लाटेवर पुढे आला. एवढ्यावरून जुन्नर-आंबेगावच्या रसिकाने नाक मुरडण्याचे कारण नाही. तमाशाची पंढरी म्हणविले जाणारे नारायणगाव आपल्याच परिसरात आहे, आणि गवळणीतली मावशी पुरुषच रंगवतो. रंगरंगोटीवरून कलेची पारख होत नसते.

मूळ ध्वनिमुद्रण लंडनच्या ट्रायडेंट स्टुडिओत, इतरांचे काम नसेल अशा फावल्या वेळी झाले. त्यातला ढोलांचा आवाज कोरडा, कोंडलेला वाटे. कलावंतही त्यावर नाराज होते. नव्या आवृत्तीत सर्व वाद्यांचे मिश्रण नव्याने केले असून तो आवाज मोकळा झाला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९७३ मध्ये वगळलेले ‘मॅड द स्वाइन’ हे मर्क्युरीचेच गाणे आता आपल्या मूळच्या चौथ्या स्थानी परतले आहे. गण आणि वग यांच्यामधून गवळण काढून टाकली तर खेळाचा तोल जातो. येथेही तसेच झाले होते.

‘जीझस’मध्ये लोटलेली गर्दी आहे, ओरडणारे भिकारी आहेत, पायांवर पडलेला कुष्ठरोगी आहे. हा कुष्ठरोगी घंटा वाजवतो. ती घंटा गालीलातली नव्हे, मध्ययुगीन युरोपातली. लेवीयच्या तेराव्या अध्यायात केवळ ‘अशुद्ध’ असे ओरडण्याची आज्ञा आहे. पण मस्तकावर टेकलेला हात कवीने अचूक टिपला आहे. मार्कच्या पहिल्या अध्यायातही प्रभू शब्दाबरोबर स्पर्श देतो. पुढे ताऱ्यामागून आलेले ज्ञानी पुरुष येतात. क्रूस मात्र कोठेच येत नाही. सारे जण येशूला पाहावयास निघाले आहेत. त्याच्यामागे क्रूस घेऊन चालणारा कोणी दिसत नाही. गाण्याची ही उणीव संगीताच्या जोमाने झाकली जात नाही.

परतलेले गाणे नेमके येथे उपयोगी पडते. त्यातला निवेदक आपण पूर्वीही आलो होतो, लोकांना अन्नपाणी दिले होते, असे सांगतो. आता तारावयास पुन्हा आलो, तर लोक वेडा म्हणतात. येशूचे नाव त्यात नाही, आणि सूर थोडा थट्टेचा आहे. तरीही मार्कच्या तिसऱ्या अध्यायात प्रभूच्या आप्तांना तो भ्रमिष्ट झाल्यासारखा वाटला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. एका गाण्यात गर्दीचा लाडका येशू आहे, दुसऱ्यात गर्दीने हेटाळलेला तारणारा. दोन्ही मिळून चित्र पूर्ण होत नाही, परंतु पन्नास वर्षे एकांगी राहिलेली तबकडी आता शुभवर्तमानाच्या अधिक जवळ आली आहे.

धर्मग्रामातील तरुणांनी ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐकावीत आणि मग मार्कचे शुभवर्तमान शेवटपर्यंत वाचावे. गाणे जेथे थांबते, तेथून पुढची वाट तेथे सापडेल.