कुठली ओएस चांगली? हा वाद आणि संशोधनातले आकडे



"विंडोज म्हणजे डोकेदुखी, सरळ लिनक्स टाक." "लिनक्स शिकायला वेळ कुणाकडे आहे? मॅक घे, नुसतं चालतं." "मॅकवर एवढे पैसे घालण्यापेक्षा विंडोज बरं, त्यावर सगळं चालतं." ही वाक्यं तुम्ही हॉस्टेलवर, ऑफिसात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा ऐकली असतील. नवा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की प्रत्येकाकडे एक ठाम मत असतं, आणि ते बहुतेक वेळा खऱ्या त्रासातून आलेलं असतं. ऐन सबमिशनच्या रात्री अपडेट सुरू झालेला माणूस ओएसवर समतोल निबंध लिहीत नाही, तो शिव्या देतो. त्यात गैर काही नाही.

पण या मतांबद्दल माझी एक तक्रार आहे. ती सगळी डोळ्यांना दिसणाऱ्या त्रासाबद्दल असतात: हँग झालं, रिस्टार्ट झालं, ड्रायव्हर मिळाला नाही, प्रिंटर चालेना. संशोधनात याहून वाईट प्रकार म्हणजे सगळं छान चालतं, एरर येत नाही, आकडा मिळतो आणि तो चुकीचा असतो. ओएसमुळे असं होऊ शकतं का? होऊ शकतं, आणि झालेलंही आहे. आज त्याचीच तीन-चार उदाहरणं बघू आणि त्यावर आपली नेहमीची मतं तपासून बघू.

"सायन्स करायचंय? मग लिनक्सच"

२०१९ साली 'ऑरगॅनिक लेटर्स' या नियतकालिकात हवाई विद्यापीठातल्या एका गटाचा लेख आला. विषय होता सायनोबॅक्टेरियापासून मिळालेले काही नवे रेणू. नवा रेणू मिळाला की त्याची रचना ठरवावी लागते. त्यासाठी एनएमआर यंत्रावर मोजलेले आकडे आणि संगणकावर गणिताने काढलेले आकडे जुळवून बघतात. गणिताचा हा भाग करण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातल्या विलोबी, होय आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर प्रोटोकॉल्स'मध्ये पायथन स्क्रिप्ट्स दिल्या होत्या. पुष्कळ लोक त्या वापरत होते.

हवाईच्या गटाच्या लक्षात आलं की तीच स्क्रिप्ट आणि त्याच फाइली वेगवेगळ्या संगणकांवर वेगळी उत्तरं देताहेत. विंडोज १० वर बरोबर. मॅकओएस मॅव्हरिक्सवर बरोबर. उबुंटू लिनक्सवर चूक. आणि गंमत म्हणजे मॅकओएस मोहावीवरही चूक! त्यांच्या उदाहरणात फरक एक पीपीएमपेक्षा कमी होता. ऐकायला किरकोळ वाटतो, पण दोन संभाव्य रचनांपैकी खरी कोणती हे ठरवताना एवढ्याशा फरकावरही पारडं फिरू शकतं.

कारण काय होतं ते समजून घ्या, कारण ते रसायनशास्त्राबाहेरही लागू पडतं. एकच रेणू वळून-वाकून अनेक आकार घेतो. प्रत्येक आकाराची ऊर्जा एका फाइलीत असते आणि एनएमआरचं गणित दुसऱ्या फाइलीत. स्क्रिप्टने ओएसला विचारायचं, "या फोल्डरमध्ये कोणत्या फाइली आहेत?" आणि मिळालेल्या क्रमाने जोड्या लावायच्या. पण तो क्रम कोण ठरवतं? फाइल सिस्टम ठरवते. विंडोजची एनटीएफएस नावं वर्णक्रमाने ठेवते. मॅकची जुनी एचएफएस प्लसही तसंच करायची. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी ईएक्सटी४ मात्र आतल्या हॅशच्या क्रमाने यादी देते, जी आपल्याला अस्ताव्यस्त दिसते. ॲपलने २०१७ मध्ये हाय सिएराबरोबर मॅकवर एपीएफएस आणली, आणि तीसुद्धा वर्णक्रमाची हमी देत नाही. म्हणजे एका आकाराची ऊर्जा दुसऱ्याच आकाराच्या एनएमआरला चिकटली. लग्नात पाकिटांवरची नावं न वाचता ती रांगेप्रमाणे वहीत मांडावीत, तसा प्रकार.

आता दोष कुणाचा? लिनक्सचा नाही, कारण क्रमाचं वचन त्याने कधी दिलंच नव्हतं. पायथनच्या माहितीपत्रकातही यादीचा क्रम कसाही असू शकतो असं लिहिलेलं आहे. स्क्रिप्टमधलं गृहीतक चुकलं होतं, आणि उपाय होता यादी आधी क्रमाने लावून घेणं. मूळ लेखकांनी दुरुस्ती मान्यही केली. पण "लिनक्स म्हणजे आपोआप शास्त्रीय" हे मत मात्र या प्रकरणात तोंडावर पडतं. इथे विंडोजवाला सुखरूप सुटला आणि तोही निव्वळ नशिबाने, हे दोन्हीकडच्या भक्तांनी लक्षात ठेवावं.

"मॅक घे, नुसतं चालतं"

२०१२ साली 'प्लॉस वन'मध्ये एक अभ्यास आला. मेंदूच्या एमआरआय चित्रांवरून मेंदूच्या भागांचं आकारमान मोजणारं फ्रीसर्फर नावाचं सॉफ्टवेअर आहे. अभ्यासकांनी त्याच लोकांची तीच चित्रं फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर, वेगवेगळ्या संगणकांवर आणि मॅकच्या दोन ओएस आवृत्त्यांवर, म्हणजे १०.५ आणि १०.६ वर, चालवून बघितली. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलल्यावर आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडला. ओएसची आवृत्ती बदलल्यामुळे पडलेला फरक साधारण त्याच्या निम्मा होता. मेंदू तोच, चित्र तेच, फक्त मॅक अपडेट झाला.

हे कसं होतं? संगणक दशांश संख्या पूर्ण अचूक ठेवू शकत नाही, तो कुठेतरी छाटतो. बेरजेचा क्रम किंवा गणिताची लायब्ररी बदलली की शेवटचा अंक हलतो. एका बेरजेत याने काही बिघडत नाही. पण लाखो पायऱ्यांच्या गणितात, आणि विशेषतः "हा बिंदू मेंदूच्या या भागात की त्या?" असे निर्णय घ्यायचे असतात तिथे, हा छोटा फरक वाढत जाऊ शकतो.

म्हणून "नुसतं चालतं" हे कौतुक मला संशोधनात अपुरं वाटतं. चालतं हे खरं. पण कालच्यासारखंच चालतं का? आजार वाढल्यामुळे मेंदूचा एखादा भाग आकसला की मध्येच संगणक बदलल्यामुळे, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने छोटा नाही.

न मागता केलेली मदत

आता एक्सेल. जीवशास्त्रात काही जनुकांची नावं 'मार्च१', 'सेप्ट२' अशी होती. एक्सेलला ती तारीख वाटायची, आणि आपण एंटर दाबला की १ मार्च, २ सप्टेंबर तयार! २००४ सालीच 'बीएमसी बायोइन्फर्मेटिक्स'मध्ये संशोधकांनी याबद्दल लिहिलं होतं. २०१६ मध्ये 'जीनोम बायोलॉजी'त आलेल्या पाहणीत, जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या लेखांपैकी सुमारे एक पंचमांश लेखांत असल्या चुका सापडल्या. २०२१ च्या पाहणीत तर हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर निघालं.

शेवटी काय झालं माहिती आहे? जनुकांची नावं बदलली गेली. मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये नवे नियम जाहीर केले. 'मार्च१' झालं 'मार्चएफ१' आणि 'सेप्ट२' झालं 'सेप्टिन२'. हे आपोआप होणारं रूपांतर बंद करण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली २०२३ मध्ये. पहिल्या लेखानंतर तब्बल १९ वर्षांनी.

मायक्रोसॉफ्टच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. एक्सेल वापरणाऱ्यांत जीवशास्त्रज्ञ मूठभर, हिशेब ठेवणारे अफाट. त्यांना ३/४ टाइप केलं की तारीख हवीच असते. मूळ सोय मूर्खपणाची नव्हती. शिवाय २०१६ च्या त्या पाहणीनुसार लिबरऑफिसही हीच चूक करत होतं, म्हणजे "फुकटचं, मुक्त ते चांगलं" हे मतही इथे टिकत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे, की सोय बंद करण्याचं बटण द्यायला १९ वर्षं का लागावीत? एवढ्या मोठ्या कंपनीला ते जमत नव्हतं असं म्हणणं अवघड आहे. ते गरजेचं वाटलं नाही, हेच खरं. विज्ञानाने आपली भाषा बदलली, तेव्हा कुठे सॉफ्टवेअरने आपली सवय बदलली.

मग शिव्या घालायच्या तरी कुणाला?

१९ जुलै २०२४ आठवतोय? जगभर विंडोज संगणकांवर निळा पडदा आला, विमानं रखडली, आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. दिवसभर सगळीकडे एकच वाक्य: "मायक्रोसॉफ्ट बंद पडलं." प्रत्यक्षात चूक क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अपडेटमध्ये होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणकांना फटका बसला. बाहेरच्या कंपनीला ओएसच्या इतक्या आत हात घालू द्यावा का, हा प्रश्न मायक्रोसॉफ्टला विचारता येतो आणि विचारायलाच हवा. पण "विंडोज भंगार" म्हणून विषय संपवला की हा प्रश्नच हरवतो.

कंपन्यांवर टीका करायची तर मी मुदतीवर करेन. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि ठरावीक प्रोसेसर लागतात, त्यामुळे उत्तम चालणारे कितीतरी संगणक अधिकृतपणे बाद ठरतात. घरच्या लॅपटॉपचं एक वेळ ठीक. पण लॅबमधल्या यंत्राला जोडलेल्या संगणकाचं काय? यंत्र काही लाखांचं, कधी कोटीचं, पंधरा-वीस वर्षं चालणारं. त्याचं सॉफ्टवेअर एका विशिष्ट ओएसला बांधलेलं. ओएस बदलायची तर सॉफ्टवेअर नवं घ्या, आणि सॉफ्टवेअर नवं हवं तर कधीकधी यंत्रच नवं घ्या. म्हणून अनेक उपकरण कक्षांत एक जुना संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवलेला असतो आणि त्यावर चिठ्ठी असते: 'अपडेट करू नये'. त्यातून डेटा काढायचा तर सीडी किंवा पेन ड्राइव्ह. यात ओएसवाल्या कंपनीइतकीच यंत्र बनवणारी कंपनीही जबाबदार आहे, पण तिला कुणी शिव्या देत नाही. बाहेर तिचं नावच कुणाला ठाऊक नसतं.

त्यातून बंद फाइल फॉरमॅट. मोजमाप आपलं, नमुना आपला, रात्री जागलो आपण, आणि फाइल उघडायची तर त्यांचं लायसन्स हवं. मराठी माणसाला हे वेगळं समजवायला नको. कृतीदेवसारख्या युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेली जुनी मराठी फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडून बघा. मजकूर आपलाच असतो, पण समोर दिसतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी.

मी काय सुचवेन

ओएस तुम्हाला आवडेल ती वापरा, खरंच. फक्त तीन-चार सवयी लावून घ्या. थिसिसच्या पद्धती प्रकरणात ओएस आणि सॉफ्टवेअर यांच्या आवृत्त्या लिहा. आपण रसायनाची शुद्धता लिहितो, मग हे का नको? एकाच अभ्यासातले नमुने अर्ध्यावर संगणक बदलून तपासू नका, आणि बदलावाच लागला तर आधीचे काही नमुने नव्यावर परत चालवून बघा. स्क्रिप्टचा निकाल एकदा तरी मित्राच्या वेगळ्या ओएसवर काढा. यंत्रातून आलेल्या फाइलीची साध्या मजकुराच्या स्वरूपात एक प्रत ठेवा. आणि तुमच्या विभागात यंत्रखरेदीची समिती बसत असेल, तर तिथे "डेटा कोणत्या फॉरमॅटमध्ये मिळणार आणि ओएस किती वर्षं चालणार?" हे लेखी विचारायला लावा. आपण विद्यार्थी, आपलं कोण ऐकतं, असं वाटेल. पण ऑर्डर जाण्याआधी विचारलेल्या प्रश्नाला विक्रेता उत्तर देतो. पैसे दिल्यावर फोन उचलेल याची खात्री नाही.

हवाईच्या त्या प्रकरणातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चूक सापडली, कारण स्क्रिप्ट उघडी होती. ती वाचता येत होती, चालवून बघता येत होती. तीच गोष्ट एखाद्या बंद सॉफ्टवेअरच्या पोटात असती, तर दोन संगणकांवर दोन उत्तरं आली एवढंच कळलं असतं आणि पुढे कंपनीच्या ईमेलची वाट बघणं आलं असतं. ओएस निवडताना माझा कल कुठे आहे हे यावरून तुमच्या लक्षात आलं असेलच. तुमचा वेगळा असू शकतो, पण तो ठरवताना किती वेळा हँग झालं यापेक्षा चूक झाली तर ती मला शोधता येईल का, हे आधी बघा.

आणि आज एक काम करा. पाच वर्षांपूर्वीची तुमची एखादी डेटा फाइल शोधा आणि उघडते का बघा. उघडली नाही, तर कशात अडकली तेवढं मला जरूर कळवा.