सोपे यंत्र आणि आपले अक्षर

छापील पुस्तक हाती घेताना आपण त्याच्या घडणीचा फारसा विचार करीत नाही. टाइप केवढा असावा, दोन ओळींत अंतर किती राखावे, समास किती सोडावा, हे सारे मुद्रकाने आपल्यासाठी आधीच ठरवलेले असते. आणि ठरवणारा तो गृहस्थ मराठी वाचणारा असतो. म्हणून ‘सोयीचे हवे की मनाजोगे हवे’ हा प्रश्न पुस्तकाच्या बाबतीत कधी उद्भवलाच नाही. ई-रीडर नावाचे वाचनयंत्र घरात आले आणि तो उद्भवला. यंदा दिवाळीची भेट म्हणून हे यंत्र घेण्याचा बेत काही घरांतून शिजत असेल. तेव्हा एखाद्या ग्रंथाचे करावे तसे या यंत्राचेही परीक्षण करायला हरकत नाही.

हे यंत्र म्हणजे मोठा मोबाईल नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. त्याच्या पडद्यात अतिसूक्ष्म कुप्या असतात. त्यांतले काळे आणि पांढरे कण विजेच्या इशाऱ्याने वरखाली होतात आणि अक्षर उमटते. एकदा उमटले की ते टिकवायला वीज लागत नाही. ती लागते पान उलटताना, आणि रात्री दिवा लावलाच तर. त्यामुळे एकदा भारलेले यंत्र कित्येक दिवस, बेताने वाचणाऱ्याला कित्येक आठवडे पुरते, आणि भर उन्हात तर ते अधिकच स्वच्छ दिसते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वैशाखाचे ऊन मोबाईलचा पडदा काळाठिक्कर करून टाकते, आणि खेड्यांतून वीज आपल्या मर्जीने येते-जाते. तिथे हे दोन गुण लहान म्हणता येणार नाहीत.

या यंत्रांचे ढोबळमानाने दोन पंथ आहेत. पहिला ‘उघडा आणि वाचा’ म्हणणारा. अमेझॉनचे किंडल हा त्याचा मेरुमणी. ते अमेरिकेत २००७ साली निघाले, त्याचे भारतातले दुकान २०१२ साली उघडले, आणि २०१६ च्या डिसेंबरात त्या दुकानाने मराठीसाठी स्वतंत्र जागा केली. दुसरा पंथ ‘घ्या आणि घडवा’ म्हणणारा. कोबोसारख्या यंत्रात ‘केओरीडर’ ही फुकट मिळणारी प्रणाली बसवली, की समास, ओळींतील अंतर, अक्षराची जाडी, पान उलटण्याची खूण, शब्दकोश, सारे आपल्या हाती येते. या पंथाच्या मंडळींच्या संगणकावर ‘कॅलिबर’ ही ग्रंथपालाचे काम करणारी प्रणाली बहुधा असतेच. कोविद गोयल या भारतीय तरुणाने ती २००६ साली सुरू केली, ही आपल्याला कौतुकाची गोष्ट.

माझ्याकडे दोन्ही पंथांचे एकेक यंत्र आहे. पहिले घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हाती दिले आणि चहा निवायच्या आत त्या वाचू लागल्या. दुसऱ्याने मात्र त्यांना इतके प्रश्न विचारले की, ‘हे पुस्तक आहे की तलाठ्याचा अर्ज?’ असे म्हणून त्यांनी ते परत केले. त्यांचे काही चुकले नाही. ज्याला वाचायचे आहे त्याला यंत्राशी ओळख वाढवण्याची हौस असतेच असे नाही. सोपेपणाला आळस म्हणून हिणवणारे पंडित भेटतात, त्यांच्याशी माझे जमत नाही. डोळे दमलेल्या माणसाला एका कळीवर पान मिळणे ही चैन नव्हे.

परंतु सोपेपणा म्हणजे तरी काय? आपल्या वतीने दुसऱ्या कुणीतरी आधीच घेतलेले निर्णय. ते घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होते, हा खरा प्रश्न आहे. या यंत्रांच्या बाबतीत बहुतेक वेळा रोमन लिपी वाचणारा माणूस होता. रोमन अक्षरे एका रांगेत उभी राहतात. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, आणि पायाशी उकार असतो. रोमनला पुरणारे अंतर देवनागरीला दिले, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकतो. शिवाय मराठीचे म्हणून काही निराळे आहे. ‘आचाऱ्यांना जेवायला वाढा’ आणि ‘आचार्यांना जेवायला वाढा’ यांत निमंत्रण कुणाला, हे त्या चिमुकल्या आडव्या अर्ध्या र-वर ठरते. टंकात त्याची नीट सोय नसली, की शब्दाचे तुकडे पडतात आणि वाचणारा अंदाजाने पुढे जातो. ल आणि श यांची आपल्या वळणाची रूपेही अशीच. पाकळीचा ल आणि देठाचा श मराठीसाठी वापरावा, असे महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितले. परंतु यंत्रात आयता आलेला टंक पुष्कळदा हिंदी वळणाचा असतो. पहिलीतले पोर जे अक्षर गिरवते ते त्याला पडद्यावर दिसत नाही. म्हणजे इंग्रजी वाचकाला जी हौस वाटते, ती मराठी वाचकाची गरज ठरते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की बाहेरचा टंक घालण्याची सोय किंडलनेही पुढे दिली.

दुसरी गोष्ट पुस्तकांची. आमच्याकडे तालुक्याच्या गावी दुकानात गाइडे आणि वह्या मुबलक मिळतात. कादंबरी मागितली तर दुकानदार कॅलेंडर दाखवतो. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथांची रेलचेल झाली. पण संमेलन आमच्या गावी त्यापूर्वी आले होते ते १९७३ साली! अशा ठिकाणी यंत्राची खरी किंमत त्यात जुनी मराठी पुस्तके घालता येतात की नाही, यावर ठरते. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन आपल्या कायद्याने सर्वांचे होते. हरि नारायण आपटे, गडकरी, साने गुरुजी आज सर्वांचे आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाचे अनेक ग्रंथ फुकट उतरवून घेता येतात. परंतु यांतले पुष्कळसे छापील पानांच्या छायाचित्रांसारखे असतात. सहा इंची पडद्यावर ते पान मुंगीच्या अक्षरांत दिसते, आणि अक्षर मोठे करू म्हटले तर ओळच पडद्याबाहेर जाते. तेथे दुसऱ्या पंथाचे यंत्र कोरे समास छाटते, जमेल तिथे ओळी नव्याने जुळवते, आणि सोपे यंत्र हात जोडून उभे राहते.

तिसरी गोष्ट मालकीची. २००९ च्या जुलैत अमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या दूरच्या दूर काढून घेतल्या; विकणाऱ्याला हक्कच नव्हता, हे कारण. पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण कपाटातले पुस्तक दुकानदार नेऊ शकतो, हे त्या दिवशी जगाला कळले. २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच कंपनीने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची वाट बंद केली. आजोबांचे पुस्तक नातवाकडे जाते, या आपल्या रिवाजाला हे मानवणारे नाही.

आणखी एक विचार मनात येतो. आमच्या जिल्ह्यात कोलामी आणि गोंडी बोलणारी मुले आहेत. त्यांच्या भाषेतली गोष्ट कुणा शिक्षकाने संगणकावर लिहिली, तर ती कोणत्या दुकानात मिळणार? गोंडीच्या दोन लिप्यांना युनिकोडमध्ये २०१७ आणि २०१८ साली जागा मिळाली. पण टंक घालता येईल अशा यंत्रातच ती अक्षरे दिसणार. ज्या भाषेला दुकान नाही, तिला यंत्राचे दार उघडे असणे हाच आधार.

मग काय, सर्वांनी कारागीर व्हावे? मुळीच नाही. समास आणि टंक बदलण्यातच ज्यांच्या संध्याकाळी जातात आणि पुस्तक तिसऱ्या पानावर राहते, असे वाचक मी पाहिले आहेत. तो तंबोरा लावत बसण्याचा प्रकार झाला. गाणे राहूनच जाते.

मला वाटते, आपल्या आज्यांच्या जात्यात याचे उत्तर आहे. जात्याला टाकी लावणारा कधीतरी येई. दळण मात्र रोजचे. टाकी लावता न येणारे जाते कुणी घेतले नसते, आणि रोज टाकी लावावी लागणारे जातेही कुणी घरात ठेवले नसते. यंत्राचेही तसेच पाहावे. घेण्यापूर्वी ‘आचाऱ्यांना’ हा शब्द त्यावर वाचून पाहावा. आपल्याजवळचे एक मराठी पुस्तक दुकानाच्या मध्यस्थीवाचून त्यात घालता येते का, ते विचारावे. आणि घरच्या जाणत्या नातवाने एक दुपार बसून टंक, अंतर, समास बसवून दिल्यावर आजीला पुन्हा त्या यादीत शिरावे लागणार नाही ना, याची खात्री करावी. या तीन कसोट्यांना जे उतरेल ते घ्यावे, मग ते कोणत्याही पंथाचे असो. स्वातंत्र्य पहिल्या दिवसाचे आणि सोय उरलेल्या सर्व दिवसांची. एवढे मिळाले तर यंत्र यंत्र राहत नाही, पुस्तक होते.