वेळूच्या पट्ट्यांवरील ‘वूशिंग’ आणि ॲरिस्टॉटलचा सद्गुणविचार

आद्य कन्फ्यूशियन नीतिविचार ॲरिस्टॉटलच्या सांच्यांत बसवूं नये, असें रॉजर एम्स व हेन्री रोझमाँट यांचें प्रतिपादन आहे. पिता, पुत्र, बंधु, अमात्य या नात्यांपलीकडे स्वतंत्र असा सद्गुणी पुरुष या परंपरेस ठाऊक नाहीं, हा त्यांचा सिद्धांत. एम्स यांनीं इ. स. २०११ च्या आपल्या ग्रंथांत त्यास ‘भूमिकानीति’ हें नांव दिलें. उभयतांची विद्वत्ता वादातीत आहे. जुन्या लेखांचा पाठिंबा त्यांस कितपत मिळतो, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

त्यांचा एक आधार अक्षराचा आहे. ‘रेन’, म्हणजे दया किंवा माणुसकी, हें अक्षर ‘मनुष्य’ व ‘दोन’ या अवयवांचें. सबब एकट्यास मनुष्य होतां येत नाहीं, अशी ही व्युत्पत्ति. परंतु इ. स. १९९३ सालीं हूबेइ प्रांतांत ग्वोदियान येथील थडग्यांतून इ. स. पू. ३०० च्या सुमाराच्या वेळूच्या पट्ट्या निघाल्या, त्यांवर हेंच अक्षर वर ‘देह’ व खालीं ‘हृदय’ असें लिहिलेलें आहे. अर्थात् ‘देह’ हा अवयव बहुधा केवळ उच्चारदर्शक असल्यामुळें उलट सिद्धांतहि त्यावर उभारतां येत नाहीं.

खरें महत्त्व त्याच पट्ट्यांवरील ‘वूशिंग’ या प्रकरणास आहे. या मताची शुन्झीनें इ. स. पू. तिसऱ्या शतकांत निंदा केली होती. परंतु तें मत कोणतें, हें पुढें कोणासच माहीत राहिलें नाहीं. तांगकालीन टीकाकार यांग लियांग यानें दया, न्याय, विधि, प्रज्ञा व विश्वास हे पांच गुण कल्पिले. इ. स. १९७३ त मावांगदुइ येथें तें रेशमी वस्त्रावर लिहिलेलें सांपडलें, तेव्हां पांचवा गुण विश्वास नसून ऋषित्व असल्याचें कळलें. अकराशें वर्षांचा तर्क एका थडग्यानें निकालांत काढला!

दया अंतरांत घडली तर तें सद्गुणाचें आचरण, न घडली तर नुसतें आचरण, असा या प्रकरणाचा आरंभ आहे. न्याय्य कृत्य करणें निराळें व न्यायी पुरुषाच्या वृत्तीनें तें करणें निराळें, हा ॲरिस्टॉटलच्या ‘नीतिशास्त्रा’च्या दुसऱ्या भागांतील भेद याहून फार दूर नाहीं. आनंदावांचून सद्गुण नाहीं, हेंहि दोघांस मान्य. नात्यांची भाषा येथें पुरत नाहीं, हें उघड आहे.

ऋषित्वापुरता मात्र ग्वोदियानच्या पाठांत हा भेद मावळतो. तें अंतरांत न घडलें तरी सद्गुणाचेंच आचरण! कांहीं पंडित हा लेखकप्रमाद मानतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. कारण पांचांच्या मेळास हें प्रकरण सद्गुण व स्वर्गाचा मार्ग म्हणतें, आणि ऋषित्व वगळून उरलेल्या चौघांच्या मेळास केवळ चांगुलपणा व मनुष्याचा मार्ग. मनुष्यापलीकडील दैवी सद्गुणाचा उल्लेख ॲरिस्टॉटलहि सातव्या भागाच्या आरंभीं करितो, पण तो विरळा म्हणून लगेच पुढें जातो.