जुजबंदीचे वर्ष

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची खोली रिकामी करायचे ठरले. तेथे संगणक यावयाचे होते. संगणकांशी माझे भांडण नाही. मुलांना ते हवेतच. पण खोलीतल्या दोनशे-सव्वादोनशे फाटक्या पुस्तकांचे काय करायचे, हा प्रश्न निघाला तेव्हा सर्वांनी एका सुरात रद्दीवाल्याचे नाव घेतले. मी चित्रकला नि हस्तकला शिकवणारा मॅट्रिक मास्तर. त्यातून दोन-तीन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत. साहजिकच मी तोंड उघडले. मुख्याध्यापक म्हणाले, "मास्तर, एक कपाट तुम्हांला देतो. पुढच्या दिवाळीपर्यंत जेवढी बांधून होतील आणि त्यात मावतील, तेवढी तुमची. बाकीची जातील."

वाचकहो, समीक्षकाला याहून अवघड काम कोणी सांगितले असेल असे मला वाटत नाही. मासिकात परीक्षण लिहिताना पुस्तकाला बरे म्हणा की वाईट म्हणा, ते काही मरत नाही. येथे माझा निवाडा चुकला, तर पुस्तक थेट तराजूत जाणार होते.

पुस्तकबांधणी मला येत नव्हती. गावात एक वृद्ध बाइंडरकाका आहेत. पूर्वी ते कचेरीची दप्तरे आणि दुकानदारांच्या चोपड्या बांधीत. त्यांच्या ओटीवर मी रविवारी जाऊन बसू लागलो. खळ कशी शिजवायची, तिला किडा लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद केव्हा घालायचा, दोऱ्यावरून मेण कसे फिरवायचे, हे सारे ते सांगत. कागद एका दिशेने सहज दुमडतो आणि दुसऱ्या दिशेने कुरकुरतो. तो कुरकुरणारा कागद अस्तराला लावला की पुठ्ठा वाकडा होतो, हेही त्यांनीच शिकवले. पण त्यांचा पहिला धडा वेगळाच होता. मी उत्साहाने एका सुट्या पुस्तकाला कडेने दाभण घातली, आरपार भोके पाडली आणि दोरा करकचून आवळला. काकांनी ते हातात घेतले, उघडले आणि माझ्यासमोर धरले. "वाचा, मास्तर."

वाचता येईना. आतल्या बाजूची अक्षरे शिलाईत गेली होती.

"हे मजबूत झालं," काका म्हणाले, "पण मिटलेलंच राहिलं. पुस्तक काय बांधून ठेवायला असतं? उघडायला असतं."

मग त्यांनी जुजबंदी दाखवली. सोळा पानांचा एक जुज. तीनशेवीस पानांच्या पुस्तकात असे वीस. प्रत्येक जुज स्वतंत्र दुमडलेला. त्याच्या घडीतून सुई आत जाते, बाहेर येते, पाठीवरच्या फितीला वळसा घालते आणि पुढच्या जुजात शिरते. दोरा कोठे दिसत नाही, पण पुस्तक टेबलावर ठेवले की हात न लावता उघडे राहते.

आम्ही मराठी माणसे कादंबरीविषयी बोलताना 'बांधणी' हा शब्द किती सहज वापरतो! तरुणपणी मी ना. सी. फडक्यांचे १९३१ सालचे 'प्रतिभासाधन' जवळजवळ पाठ केले होते. कथानक घट्ट हवे, एक धागा सुटता कामा नये, हे माझ्या मनावर इतके बिंबले होते, की जे सैल दिसे ते मला कच्चे वाटे. याच दृष्टीने दहा वर्षांपूर्वी एका व्याख्यानात मी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'वर ताशेरे झाडले होते. 'आठवणी गोड आहेत, पण रचना नाही,' असे माझे शब्द होते. टाळ्याही पडल्या होत्या.

यंदा मार्गशीर्षात शाळेची 'स्मृतिचित्रे' माझ्या मांडीवर आली. तिचे जुज सुटे झालेले होते. ते क्रमाने लावताना वाचत गेलो आणि माझी मलाच लाज वाटू लागली. सोवळ्याने झपाटलेले वडील, कवी नवऱ्याचा लहरी संसार, १८९५ साली त्यांनी घेतलेली ख्रिस्ती धर्माची दीक्षा, मग ताटातूट आणि पुन्हा एकत्र येणे. यांतली एकेक हकीकत म्हणजे आपल्यापुरता दुमडलेला जुज आहे. त्यांना ओवणारा दोरा मला दिसला नव्हता, कारण मी तो घटनांत शोधीत होतो. तो बाईंच्या आवाजात आहे. स्वतःच्या फजितीवर हसताना त्यांचा जो सूर लागतो, तोच दुःख सांगतानाही सुटत नाही. ज्या बाईला शाळा अशी मिळालीच नाही, तिने नवऱ्याचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे केले आणि वर हे पुस्तक लिहिले. आणि मी मॅट्रिकचा दाखला खिशात घालून तिला रचना शिकवायला निघालो होतो! ते व्याख्यान ऐकलेले कोणी हे वाचत असतील, तर त्यांनी माझे शब्द परत घेतले असे समजावे.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ची गोष्ट निराळी. १९५५ सालचे हे छोटे पुस्तक. बांधायला मला एकच रविवार पुरला. एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, शाळा जमवतो, लोकांना हाताशी धरून तालीम उभी करतो. मग दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. पूर्वी मला यात मास्तर नायक वाटे. मास्तराला मास्तराचा अभिमान असायचाच! या खेपेस मात्र ध्यानात आले, की लेखकाने त्याला कोठेही मोठे होऊ दिलेले नाही. शहाणपण कारभाऱ्याकडे आहे, अडचणी माणसांच्या आहेत आणि अखेरचा शब्द आभाळाचा आहे. ज्या वाडीसाठी मास्तर राबला, ती त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी होते आणि तो तिथे भाषण करीत नाही. ही गोष्ट मला का झोंबली, ते पुढे सांगतो.

दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' मी मुद्दाम चैत्रापर्यंत राखून ठेवले. १९५६ सालचे हे पुस्तक बारा महिन्यांचे आहे, तेव्हा ते बारा महिने घेऊनच वाचावे, असा माझा बेत होता. एरवी एका बैठकीत वाचताना ते मला जड गेले होते. रंग, फुले, पाखरे यांची इतकी दाटी, की जीव गुदमरे. अजूनही मी म्हणेन, की बाईंचा शब्द कधी कधी गरजेहून जास्त नटतो. पण ज्या महिन्याचे लेखन त्या महिन्यात वाचावे आणि उठून परसात जावे, म्हणजे त्या नटण्यामागची नजर किती सच्ची आहे ते कळते. वैशाखात शाळेमागचा बहावा मी वीस वर्षे पाहत आलो होतो. पण तो नीट पाहिला तो यंदा. अजून फाल्गुनापर्यंतचे महिने माझे वाचायचे राहिले आहेत. पुस्तक कपाटात गेले, तरी ते मी महिन्याच्या महिन्याला उसने नेणार आहे.

निवड कशी करायची, हा प्रश्न मात्र वर्षभर छळत होता. प्रथम मी नावलौकिक पाहिला. मग काकांनी सुचवले, "मास्तर, झिजलंय किती ते बघा की!" झिजण्यात सर्वांत पुढे निघाले बाबूराव अर्नाळकर! झुंजार आणि काळापहाड यांनी आमच्या गावच्या तीन पिढ्यांची झोप उडवली होती. पण जवळून पाहता एक फरक दिसला. अर्नाळकरांची पाने पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच मळलेली होती. माणसे एका दमात शेवटाला पोचली होती आणि पुस्तक परत देऊन मोकळी झाली होती. 'स्मृतिचित्रां'त मात्र काही पाने इतरांहून काळवंडलेली होती. तेथे माणसे परत आली होती. पहिल्या झिजण्याने पुस्तक लोकप्रिय होते, दुसऱ्या झिजण्याने ते घरचे होते. मी दोन्ही बांधली. ज्याने पोरांना पान उलटायची सवय लावली, त्याला रद्दीत घालण्याइतका कृतघ्न मी नाही.

आता झोंबलेल्या गोष्टीविषयी. ज्येष्ठात ढीग उपसताना तळाशी माझीच कादंबरी सापडली. पंधरा वर्षांपूर्वी मी ती मोठ्या दिमाखाने शाळेला भेट दिली होती. तिला बांधणीची गरजच नव्हती. पाठ ताठ, कोपरे धारदार. मागच्या चिठ्ठीवर एकच तारीख. त्या एकुलत्या वाचकाने एक्याण्णवाव्या पानाचा कोपरा दुमडला होता आणि त्यापुढची पाने कोरी करकरीत होती.

मी ते पान उघडले. तेथे माझा नायक, एक ध्येयवादी मास्तर, गावकऱ्यांना सात पाने उपदेश करतो. त्या सात पानांत गावकरी एकदाही बोलत नाहीत. कथानक घट्ट आहे हो! प्रत्येक पात्र नेमके योग्य वेळी येते, प्रत्येक धागा शेवटी गाठला जातो. पण ते सारे कडेने दाभण घालून शिवलेले. पुस्तक मजबूत झाले आणि मिटलेलेच राहिले. कोणा समीक्षकाने मला हे सांगितले असते, तर मी त्याच्याशी जन्माचे वैर धरले असते. पण दुमडलेल्या कोपऱ्याशी वाद कसा घालणार?

ती कादंबरी मी कपाटात ठेवली नाही. जागा मोजकी होती आणि तिच्या रुंदीत 'बनगरवाडी' मावत होती. घरी आणून ती लिहिण्याच्या मेजावर ठेवली आहे. नव्या कादंबरीचे हस्तलिखित शेजारीच आहे. त्यातली तीन प्रकरणे, तिन्ही भाषणांची, मी श्रावणात काढून टाकली. त्यांच्या जागी काय येईल हे अजून कळलेले नाही. पण गावकऱ्यांना बोलू द्यायचे, एवढे ठरले आहे.

वर्षअखेर त्रेचाळीस पुस्तके बांधून झाली. उरलेली तराजूत गेली, त्या दिवशी मी शाळेच्या मागच्या दाराने घरी आलो. त्यांत माझ्या चुकीने गेलेले एखादे चांगले पुस्तक असेलच. हा सल राहणार.

नव्या कपाटाला कुलूप नाही. परवा सहावीतल्या एका मुलीने 'बनगरवाडी' नेली. जाताना तिने विचारले, "सर, यात मास्तर कसा आहे? रागीट?" मी म्हटले, "तूच वाच आणि मला सांग." दिवाळीनंतर ती परत देईल, तेव्हा मी आधी पानांचे कोपरे पाहणार आहे.