कर्णे आणि कान

मराठी घरात गाणे ऐकण्याच्या यंत्राला देव्हाऱ्याच्या खालोखाल मान मिळत आला आहे. आधी चावीचा फोनो आला, आणि त्याच्या कर्ण्याभोवती सारी आळी जमू लागली. मागून रेडिओ आला; त्याच्यावर विणलेला रुमाल पडला आणि रुमालावर फुलदाणी विराजमान झाली. पुढे टेप आली, तबकड्या मोठ्या होऊन पुन्हा लहान झाल्या, आणि आता सगळे गाणे मुठीत मावणाऱ्या मोबाईलमध्ये येऊन बसले आहे. पण यंत्रे अशी आकसत चालली असतानाच काही घरांत उलटा प्रकार दिसतो. छातीएवढ्या उंचीचे, उचलायला दोन माणसे लागावीत असे, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर दिवाणखान्यात येऊन ठाकतात. त्यांच्या जोडीची किंमत कित्येकदा एका मोटारीएवढी असते. एवढे पैसे मोजलेला गृहस्थ त्यांच्याविषयी बोलल्यावाचून कसा राहील? त्याच्या या बोलण्याला अजून कोणी वाङ्मयप्रकार म्हटलेले नाही. तरीपण त्याचे अलंकार ठरलेले आहेत आणि त्यातला रसही ठरलेला आहे (बहुधा अद्भुत!). जेथे रस आणि अलंकार आले तेथे टीकाकाराने नाक खुपसायला हरकत नसावी.

या परीक्षणासाठी पुण्या-मुंबईचे रसिक सोडून मी भिवंडीकडे का वळलो, असे वाचक विचारतील. भिवंडी म्हटली की डोळ्यांसमोर यंत्रमाग येतात, अलीकडे माणकोली-काल्हेरकडची अवाढव्य गोदामे येतात. तानपुरा काही येत नाही. पण कारण तेच आहे. शांत बंगल्यात कोणतेही यंत्र गोड वाजते. दोन भिंतींपलीकडे धोटा खडखडत असताना, खालून मालमोटार जात असताना, कोण काय ऐकतो आणि ऐकले म्हणून काय सांगतो, यावरून यंत्राची आणि माणसाची, दोघांचीही पारख होते.

मालकांचे अभिप्राय साधारणपणे तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार वजनाचा. 'एकेक चाळीस किलोचा आहे!' हे वाक्य ज्या अभिमानाने उच्चारले जाते तो अभिमान मी पूर्वी फक्त फणसाच्या बाबतीत पाहिला होता. वजनाला अर्थ नाही असे नाही. पेटी भक्कम असली की ती स्वतः थरथरत नाही आणि आपला सूर गायकाच्या सुरात मिसळत नाही. परंतु हा गुण ऐकून सांगायचा आहे, काट्यावर तोलून नव्हे. याच प्रकारात वॅटांची बढाई येते. 'तीनशे वॅट खेचतात' असे सांगणाऱ्याला हे ठाऊक नसते की घरात माफक आवाजात गाणे ऐकताना सहसा पुरता एक वॅटसुद्धा खर्ची पडत नाही.

दुसरा प्रकार खर्जाचा. 'काय खर्ज आहे, भिंती हलतात!' या वाक्याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. पुरुषगायकाने काळी एकचा षड्ज धरला तर त्याची कंपने सेकंदाला सुमारे १३९ होतात, आणि तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची त्याच्या निम्मी, म्हणजे ६९. आपल्या मैफलीचे जोते येथे आहे. हे मोठे स्पीकर त्याच्या खाली तीस कंपनांपर्यंत उतरतात असे त्यांचे माहितीपत्रक सांगते. पण तेथे चर्चमधला पाइप ऑर्गन राहतो, आपले कोणी राहत नाही. मग भिंती कशाने हलतात? खोलीने. बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोली घेतली, तर लांबीमुळे सुमारे ४७ कंपनांवर आणि रुंदीमुळे सुमारे ५६ कंपनांवर ती खोली स्वतःच घुमू लागते, विहिरीत तोंड घालून हाक मारावी तशी. त्यातून स्पीकर जर भिंतीला टेकवला, किंवा जागा वाचावी म्हणून कोपऱ्यात सारला, तर हा फुगवटा आणखी वाढतो. मालक ज्या खर्जाची तारीफ करतो तो पुष्कळदा परदेशी कारागिराचा नसून गावच्या गवंड्याचा असतो.

तिसरा प्रकार उपमांचा, आणि टीकाकाराला खरा रस त्यात. 'उबदार', 'रेशमी', 'पडदा सरकल्यासारखे', 'काळ्याभोर शांततेतून सूर उमटतो'. हे शब्द विलायती मासिकांतून आले आहेत आणि उतरून घेताना त्यांची इस्त्रीही मोडलेली नाही. भिवंडीत तर 'रेशमी' हा शब्द ऐकून मला गंमतच वाटते. या गावचा कापडाचा व्यापारी ताग्याला उगाच रेशमी म्हणत नाही. तो कापड उजेडाकडे धरतो, ताणा आणि बाणा पाहतो, कडेचा एक धागा ओढून काढतो, चिमटीत चुरगळून सोडतो, आणि मग भाव बोलतो. तोच माणूस कित्येक लाखांच्या आवाजाला मात्र धागा न ओढताच रेशमी म्हणून मोकळा होतो! बाजारात मडके घेणारी बाईसुद्धा टिचकी मारून टणक वाजते की बद्द वाजते ते पाहते. स्पीकरला अशी टिचकी मारण्याची काही सोय आहे की नाही?

आहे, आणि ती मिरजेत तयार होते. मिरजेच्या सतारी-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच. त्या तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक दोरा सरकवून जवारी लावतात. घोडीचा माथा सपाट नसून किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्याला चाटत राहते आणि त्यातून वरच्या स्वरांचे एक झुंबर उजळते. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी दाखवून दिले की या घोडीमुळे तार एक जुना पाश्चात्त्य नियम मोडते: ज्या जागी तार छेडली असता काही उपस्वर मुळीच उमटू नयेत, तेथेही ते उमटतात. आपल्या गवयांना हे कित्येक पिढ्या कानाने ठाऊक होते. रामन यांनी ते प्रयोगशाळेत पाहिले.

आता स्पीकरसमोर बसून नुसता तानपुरा लावावा. गाणे नको, तबला नको. खर्जाची तार बद्द वाजते की तिच्यातून गंधार आपोआप डोकावतो? जवारी मधमाश्यांच्या गुंजारवासारखी एकसंध आहे, की वरचा भाग निराळा होऊन पत्र्यासारखा चिरकतो? उभ्या स्पीकरमध्ये खर्जाचे, मधले आणि वरचे सूर वेगवेगळ्या तबकांतून निघतात, आणि त्यांचा सांधा जमला नसेल तर तानपुरा तो दहा मिनिटांत उघडा पाडतो, कारण तो या सगळ्या प्रदेशांत एकाच वेळी वावरतो. नगारे आणि रेल्वेगाड्या वाजवून दाखवणारा दुकानदार ही परीक्षा सहसा घेत नाही.

आणि या परीक्षेचा निकाल सांगायला परके शब्द कशाला हवेत? आपल्या गायकीने केवढे भांडार जमवून ठेवले आहे! जवारी, आस, घुमारा, लगाव; खुला आकार आणि दाबलेला आकार; दाणेदार तान; गोल, पोकळ, नाकातला, किनरा, चिरका आवाज. 'या स्पीकरवर डग्ग्याची आस लवकर तुटते' असे कोणी म्हणाले तर मला काहीतरी कळते. 'पडदा सरकला' म्हटल्याने फक्त एवढेच कळते की मालक खूश आहे.

नावाजलेल्या यंत्रांचा इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. इंग्लंडातल्या हंटिंग्डनच्या पीटर वॉकर यांनी १९५७ साली क्वाड नावाचा विद्युत्-पटलाचा स्पीकर काढला. त्याला खोल खर्ज नव्हता, फार मोठा आवाज काढणे त्याच्या प्रकृतीला मानवत नसे. पण माणसाचा गळा त्याने असा उभा केला की ते जुने नग लोक आजही दुरुस्त करून वापरतात. पुण्याच्या कॅडेन्सने असे पटल आणि खर्जासाठी नेहमीचे तबक यांचा मेळ घालून उभे स्पीकर बनवले. कोचीचे वास्तुशिल्पी जेकब जॉर्ज यांनी रेथम या नावाने, जवळजवळ सारे गाणे एकाच तबकातून निघावे, या तत्त्वावर स्पीकर घडवले. तिघांचे मार्ग निराळे, पण आधी गळा आणि मग गडगडाट हा क्रम समान.

एक तक्रारही वारंवार कानी येते: 'जुन्या तबकड्या यावर चांगल्या लागत नाहीत.' अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांच्या तीन-सव्वातीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकांत खोल खर्ज मुळातच उतरलेला नाही आणि फार वरचे सूरही नाहीत. खरखर मात्र विपुल. मोठा स्पीकर खरखरही इमानाने मोठी करतो. हा दोष त्याचा नव्हे. आरसा स्वच्छ असला म्हणून चेहऱ्यावरचे देवीचे व्रण का लपतील? ज्याचा संग्रह मुख्यतः अशा मुद्रिकांचा आहे त्याने उंच खांबांऐवजी एक चांगला मध्यम स्पीकर घेतला, तर खाँसाहेब रागावणार नाहीत.

अभिप्रायांपैकी सर्वांत विश्वासार्ह मला स्वयंपाकघरातून आलेला वाटतो. दिवाणखान्यात मालक दोन खांबांच्या बरोबर मध्ये, ठरलेल्या खुर्चीत, डोळे मिटून बसलेला असतो. त्याला पैशांची आठवण असते. आत पोळ्या लाटणाऱ्या वहिनींना ती खुर्ची नाही आणि ते अंतरही नाही. 'आत्ता मला खरंच वाटलं, कुणी पाहुण्या गातायत की काय!' असे त्या म्हणाल्या तर यंत्र उत्तम समजावे. आणि 'अहो, जरा कमी करा' असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत असतील, तर मालकाने आपल्या अभिप्रायाची फेरतपासणी करावी.

आता 'कमी करा' या दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे, कारण भिवंडीतला खरा प्रश्न तेथे आहे. कायद्याने, म्हणजे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी, राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. खोलीतच ५५ डेसिबल गोंगाट असेल, तर ३५-४० डेसिबलवर वाजणारी तानपुऱ्याची आस त्यात बुडून जाते. ती वर काढायला आवाज वीस डेसिबलने वाढवावा, तर शक्ती शंभरपट लागते आणि गायक मैफलीतून उठून सभेत बोलू लागतो. म्हणून मी म्हणतो की या गावी स्पीकरच्या आधी खिडकी विकत घ्यावी. घट्ट बसणारी झडप, दाराच्या फटीला रबराची पट्टी, फरशीवर सतरंजी, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट, जाड पडदा: इतक्याने कमी किमतीचे स्पीकर पुष्कळदा महागड्यांच्या पंक्तीला येऊन बसतील. शांतता हीच येथे सर्वांत महागडी वस्तू आहे.

आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. माग चालू असलेल्या कारखान्यात गोंगाट नव्वद डेसिबलच्या वर जातो, आणि पाळी बहुधा बारा तासांची असते. अशा गोंगाटाने कान एकदम जात नाही. आधी सेकंदाला ४००० कंपनांच्या आसपास त्याला खाच पडते. मग 'स' आणि 'श' पुसट होतात, लेकरू काय म्हणाले ते दोनदा विचारावे लागते. आणि जवारीचे ते झुंबर याच टापूत लकाकत असते. वीस वर्षे माग चालवलेल्या माणसाला जगातल्या सर्वोत्तम स्पीकरसमोर बसवले, तरी तानपुऱ्याच्या चारही तारा त्याला बद्दच ऐकू येतील. त्याचा अभिप्राय कोणी विचारत नाही. पण या विषयावरचा सर्वांत गंभीर अभिप्राय तोच आहे. ज्या मागाच्या उत्पन्नातून एखाद्या दिवाणखान्यात स्पीकर उभे राहतात, त्याच मागाने कोणाचे तरी कान घेतलेले असू शकतात. कानात घालायचे साधे बोळे स्पीकरच्या तारेच्या एका वितीहूनही स्वस्त पडतात. कारखानदार रसिकाने पाडव्याला स्पीकर जरूर आणावेत. त्याच मुहूर्तावर आपल्या कामगारांसाठी त्या बोळ्यांची पेटी आणावी, आणि ते वापरले जातात की नाही हेही पाहावे. ऐकण्याची किंमत ज्याला कळली त्याच्याकडून एवढी अपेक्षा वावगी नाही.

तात्पर्य, हे उभे स्पीकर वाईट नाहीत. त्यातले चांगले आहेत ते फारच चांगले आहेत. हळू आवाजात, रात्री माग थांबलेल्या एखाद्या सुटीच्या दिवशी, ते किशोरीताईंचा एक श्वास खोलीत आणून ठेवतात, आणि त्या श्वासासाठी कोणी पदरचे पैसे मोजले तर मी त्याला वेडा म्हणणार नाही. मात्र त्याने आपला अभिप्राय सांगताना वजन, वॅट आणि रेशीम बाजूला ठेवून तीनच गोष्टी सांगाव्यात: खोली केवढी होती, बाहेर आवाज किती होता, आणि तानपुरा कसा लागला. बाकी सारे माहितीपत्रकात छापलेले असतेच.