दुष्काळ, दिवाळे आणि सुख : तुकोबांची साक्ष

आजचा विषय आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पैशात सुख नाही, वस्तूंत सुख नाही, टिकणारं सुख भगवंतापाशी आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. कीर्तनात ऐकलं, प्रवचनात ऐकलं, आता मोबाईलवरही ऐकतो. आणि साक्षीला बहुतेक वेळा उभं केलं जातं ते देहूच्या तुकोबांना. सिद्धांत थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण साक्षीदार स्वतः काय सांगतो, ते आज आपण नीट ऐकून घेऊ.

नेहमीची गोष्ट अशी सांगतात : दुकान बुडालं, संसार तुटला, वैराग्य आलं आणि आनंदीआनंद झाला. गोष्ट सुटसुटीत आहे. अडचण एवढीच, की गाथा अशी सरळ चालत नाही. साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत आणि ते काळाच्या क्रमाने लावलेले नाहीत. आनंदाने ओसंडणाऱ्या अभंगाशेजारी पाण्याबाहेर पडलेल्या मासोळीसारखी तळमळ आहे. आधी दुःख, मग सुख, असा सरळ जिना आपण नंतर बांधला.

तुकोबांनी स्वतःची हकीकत एका अभंगात सांगितली आहे. तीही सांगू नये असं वाटत असताना, संतांनी विचारलं म्हणून. त्यातला क्रम बघा. वाण्याचा व्यवसाय. आईवडील गेले. मग १६३०–३१ चा भयंकर दुष्काळ. द्रव्य गेलं, मान गेला, बायको अन्न अन्न करीत गेली. धंद्यात तूट आली, लाज वाटू लागली. आणि पुढे काय? साक्षात्कार? नाही हो! पडकं देऊळ दुरुस्त करावं, असं मनात आलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला चित्त अभ्यासात नव्हतं, हे ते स्वतःच सांगतात. संतांची वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरलं. अंग कष्टवून जमेल तेवढा परोपकार केला. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्व ही सगळी पुढची गोष्ट.

म्हणजे ज्याला आपण आध्यात्मिक सुख म्हणतो, त्याची सुरुवात इथे चुना-माती, पाठांतर आणि दुसऱ्याच्या मागे धरलेलं धृपद यांतून होते. आठ दिवसांच्या शिबिरात चिरंतन आनंद देऊ म्हणणाऱ्यांनी हा अभंग एकदा सावकाश वाचावा.

आता सगळ्यात अवघड जागा. दुसऱ्या एका अभंगात तुकोबा म्हणतात, की दिवाळं निघालं ते बरं झालं, दुष्काळाने छळलं तेही बरं झालं, कारण त्यामुळे देव आठवला. हा अभंग आपल्याकडे फार सैल हाताने वापरला जातो. नोकरी गेलेल्याला, शेत करपलेल्याला आपण सांगतो : बाबा, समाधान मान, यातच तुझं कल्याण आहे.

पण इथे बोलतंय कोण? ज्याचं गेलं तो. कुणाबद्दल बोलतोय? स्वतःबद्दल. स्वतःच्या जखमेचा अर्थ लावायचा अधिकार तुकोबांना आहे. तो अर्थ उचलून दुसऱ्याच्या रिकाम्या ताटावर ठेवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? तेच तुकोबा रंजल्यागांजल्यांना जो आपलं म्हणेल त्याला साधू म्हणतात. दुष्काळात होरपळणाऱ्याला ‘बरं झालं’ म्हणणाऱ्याला नव्हे.

धनाबद्दलही तसंच. चांगल्या व्यवहाराने धन जोडावं आणि उदास मनाने खर्चावं, असं सांगणारा अभंग गाथेत आहे. जोडू नका, असं तो म्हणत नाही. महीपतींच्या ‘भक्तलीलामृता’त, म्हणजे १७७४ च्या ग्रंथात, कर्जखतांची कथा येते. धाकट्या भावाचा वाटा त्याला देऊन तुकोबांनी आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली. सव्वाशे वर्षांनंतरचं हे चरित्र परंपरेने सांगितलेलं आहे, हे धरूनच चालू. पण परंपरेने काय जपलं ते पाहा : या वैराग्याने कुळं मोकळी झाली. त्यागाचा फायदा त्याग करणाऱ्यापुरता राहिला नाही.

आता एक गोष्ट साक्षीदाराविरुद्धही नोंदवली पाहिजे. उपाशी गेलेल्या पहिल्या बायकोला त्या आत्मकथनात अर्धी ओळ मिळते. दुसरी बायको जिजाई; तिला तर आपल्या कथापरंपरेने कजाग करून ठेवलं. घरात पीठ नाही म्हणून ओरडणारी बाई कजाग कशी? एकाला अक्षय सुख मिळत असताना चूल कुणाच्या जिवावर पेटत होती, हे विचारल्याने तुकोबा लहान होत नाहीत. आपली समज मात्र मोठी होते.

मग सुख टिकतं म्हणजे काय होतं? आम्हाला गाथेतून दिसतं ते असं : दुःख येणं थांबत नाही. मात्र गल्ल्यातली शिल्लक आणि गावातला मान यांवर मन टांगलेलं राहत नाही. जे गेलं तर आपण मोडून पडू, असं फार थोडं उरतं. आणि मोकळे झालेले हात दुसऱ्याच्या कामी येतात.

हीच कसोटी आपल्या सत्संगाला, आपल्या ध्यानाला लावून पाहू. तिथून उठल्यावर शेजाऱ्याची भूक जास्त दिसू लागली, तर ते सुख तुकोबांच्या वाटेवरचं. दिसेनाशी झाली, तर तीही एक खरेदीच; फक्त दुकान वेगळं.

इथे थांबू. रामकृष्ण हरी.