सुरतेची चिठ्ठी आणि घटनेची मर्यादा

सुरत येथे २६ व २७ डिसेंबर १९०७ रोजी भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचा विषय निघाला की व्यासपीठावर फेकला गेलेला मराठी जोडा बहुधा प्रथम आठवतो. तो सुरेन्द्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला, हेही चवीने सांगितले जाते. त्या जोड्यापूर्वी एक चिठ्ठी व्यासपीठाकडे गेली होती. घटना आणि मर्यादित शासन यांचा संबंध पाहू इच्छिणाऱ्याने त्या चिठ्ठीपाशी थांबले पाहिजे.

अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावावर आपणांस बोलावयाचे आहे, असे टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवी यांस लेखी कळविले होते. उत्तर आले नाही. टिळक स्वतः व्यासपीठावर गेले तेव्हा त्यांची सूचना नियमबाह्य ठरविण्यात आली व रासबिहारी घोष निवडून आल्याचे जाहीर झाले. परंतु कोणत्या नियमाच्या बाहेर? १८९९ साली लखनौस काही नियम झाले होते खरे. ते व्यवहारात उतरले नव्हते. खुर्चीचा शब्द हाच नियम होता. न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, आदल्या दिवशी सुरेन्द्रनाथांचे भाषण आरडाओरडीने बंद पाडणारा समुदायही कोणताच नियम मानीत नव्हता. टिळकांवरील प्रेमापोटी ही गोष्ट झाकणे बरे नव्हे.

पुढे एप्रिल १९०८ मध्ये मवाळ पक्षाने अलाहाबादेस राष्ट्रीय सभेची घटना तयार केली. तीत समित्यांची रचना, निवडणुकीची रीत, सभा चालविण्याची पद्धत, सारे व्यवस्थित आहे. सुरतेची उणीव तिने कागदावर भरून काढली. आमचा आक्षेप निराळा आहे. प्रत्येक प्रतिनिधीने सभेचे ध्येय व सनदशीर मार्ग लेखी मान्य करावे, आणि ते मान्य करणाऱ्या संस्थांनीच प्रतिनिधी निवडावे, अशी तिची अट होती. म्हणजे जिंकलेल्यांनी जिंकल्यानंतर नियम लिहिले आणि पहिले कुलूप घातले ते दारास. १९१५ च्या मुंबई अधिवेशनात ही अट सैल झाली व १९१६ मध्ये लखनौस टिळकपक्ष परत आला. मधली आठ वर्षे घटना होती, परंतु तिने बाहेरच्यांस बांधले, आतल्यांस क्वचितच.

राष्ट्रीय सभा म्हणजे काही सरकार नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण सरकाराच्या बाबतीतही हेच घडते. २८ एप्रिल १९७६ रोजी, आणीबाणीत, सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी ठरविले की स्थानबद्ध माणसास आपली अटक बेकायदेशीर आहे असे न्यायालयात म्हणता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरुद्ध गेले. त्या दिवशी राज्यघटना अस्तित्वात होती, छापील होती. शासनाची मर्यादा मात्र नव्हती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने जीवित व स्वातंत्र्य यांचे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असे केले, आणि २०१७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय चुकीचा ठरविला.

पवित्र शास्त्रात राजाविषयीचा जो नियम अनुवादाच्या सतराव्या अध्यायात आहे, तो या दृष्टीने पुन्हा वाचावा. नियमशास्त्र राजाच्या आधीचे आहे. मूळ प्रत याजकांपाशी आहे. राजाने ती स्वहस्ते उतरून घ्यावयाची व आयुष्यभर वाचावयाची, ती आपल्या बांधवांहून स्वतःस श्रेष्ठ मानू नये म्हणून. शमुवेलानेही राज्याची रीत ग्रंथात लिहून परमेश्वरासमोर ठेवली, शौलाच्या हाती दिली नाही. घटना कोणी लिहिली यापेक्षा ती कोणापाशी राहते, हा प्रश्न मोठा दिसतो. अहाबाच्या काळी नियमशास्त्र होतेच. नाबोथाचा खटलाही दोन साक्षीदार उभे करून रीतसर चालविला गेला. वडील मंडळीने पत्र वाचले आणि मान डोलावली, इतकेच.

आपल्या मंडळ्यांच्या सभांत अध्यक्षस्थानी बहुधा पाळकच असतो. एखाद्या प्रचारकाने वा विधवा सभासदाने वर पाठविलेली चिठ्ठी वाचणे त्यास बंधनकारक आहे काय, आणि त्याने ती खिशात घातली तर सभासदाने जावे कोठे, हे पुढील वार्षिक सभेपूर्वी आपल्या मंडळीची घटना उघडून पाहण्यासारखे आहे.